काळी दोन पट्टी आणि चाळीस बटणे

शनिवार, १५ मार्च २०२५ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी घरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये जाऊन बसलो. सिंगापूरच्या नव्या सरकारी इमारतींत प्रत्येक फ्लॅटला अशी एक खोली असते. तिच्या भिंती जाड काँक्रीटच्या आणि दार पोलादी असते. बॉम्ब अद्याप पडलेले नसल्यामुळे लोक तिथे तांदूळ ठेवतात. आमच्या शेल्टरमध्ये तांदळाखेरीज पाच सुटकेसी, जादा गाद्या आणि गणपतीची आरास आहे. मुलाने त्यांच्या मधोमध स्टूल ठेवले होते आणि स्टुलासमोर माइक. माइकची तार दाराखालून बाहेर जाऊन जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपला जोडलेली होती. आमच्या क्वीन्सटाउन भागात एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, जमिनीखालून नव्हे, पुलावरून जाते, आणि आमच्या बैठकीच्या खोलीत दर तीन-चार मिनिटांनी तिचा आवाज येतो. शेल्टरमध्ये तो कमी येतो. हाच त्या खोलीचा आजवर झालेला एकमेव उपयोग.

सोमवारी सकाळी माझे स्वरयंत्र काढणार होते. गळ्यातली गाठ साधी नव्हती. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितले, की यापुढे श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल आणि बोलता येणार नाही. मी विचारले, जेवता येईल का. ते म्हणाले, येईल. मी सही केली. माझे वय सत्त्याऐंशी आहे. सांगण्यासारखे बरेचसे सांगून झालेले आहे.

रुग्णालयात वाचाउपचार करणारी एक तरुण चिनी बाई होती. तिने दोन सोयी सांगितल्या. पहिली अशी, की मी इंग्रजीतली काही शे वाक्ये वाचून रेकॉर्ड करायची. त्यावरून एक यंत्र माझा आवाज शिकेल, आणि पुढे मी टॅबलेटवर इंग्रजीत काहीही लिहिले तरी ते माझ्या आवाजात बोलून दाखवील. मराठी त्या यंत्राला येत नव्हती. त्यासाठी दुसरी सोय होती. टॅबलेटच्या पडद्यावर चाळीस बटणे. एका बटणामागे एक वाक्य, माझ्याच तोंडून आधी रेकॉर्ड केलेले. बटण दाबले की ते वाक्य वाजेल. त्याहून अधिक मराठी मला उरणार नव्हती.

"चाळीस पुरतील ना?" तिने विचारले.

"उरतील," मी म्हणालो.

इंग्रजीचे काम मी दोन आठवड्यांत पूर्ण केले. मुलाने यंत्राची परीक्षा घेण्यासाठी इमारतीच्या फलकावरची एक सूचना टाइप केली, की लिफ्टसमोर ओल्या छत्र्या ठेवू नयेत. यंत्र ती बोलले. मुलगा रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत संगणकाचे काम पाहतो आणि सहसा गांगरत नाही. त्याने ती सूचना पुन्हा एकदा वाजवली.

"बाबा, हा छत्रीला नाचायला बोलावतोय."

"माझी इंग्रजी तशीच आहे," मी म्हणालो. "ती मी तिथेच शिकलो."

याचा खुलासा करणे भाग आहे. वयाच्या विसाव्या वर्षापासून एकतिसाव्या वर्षापर्यंत मी मुंबईतल्या एका हॉटेलच्या डान्स बँडमध्ये इंग्रजी प्रेमगीते गात होतो. चौदा वादक, एक गायक. अशा गायकाला क्रूनर म्हणत. क्रूनर म्हणजे मोठ्याने न गाणारा माणूस. मागे चार ट्रम्पेट वाजत असताना त्याने कानात सांगितल्यासारखे गायचे, आणि ते शेवटच्या टेबलापर्यंत पोचवण्याची जबाबदारी माइकची. अमेरिकेत अशा बँडांचा काळ केव्हाच सरला होता. मुंबईत तो उशिरा आला आणि उठायला सांगेपर्यंत बसून राहिला.

कामाची पद्धत ठरलेली होती. गाणे आधी बँड एकदा पूर्ण वाजवी. मग मी उठून माइकपाशी जाई आणि चार-चार मात्रांच्या बत्तीस मापांचा एक फेरा गाई. मग पुन्हा बँड. एका गाण्यात माझे काम सव्वा मिनिटाचे असे. उरलेला वेळ पियानोशेजारच्या खुर्चीवर बसून आनंदी दिसायचे, हेही कामच होते. त्यात मी कमी पडे. बँडमास्तर गोव्याचे होते, सॅक्सोफोन वाजवत. ते दोन गाण्यांच्या मध्ये ओठ न हलवता मला म्हणत, "अरे बाबा, तू सिंगर हाय का इन्कम टॅक्सवाला? लोक नाचायचे थांबतात तुला बघून."

मी म्हणे, "नाचताना ते माझ्याकडे का बघतात?"

माझी कीर्ती झाली ती एका चुकीमुळे. मी गिरगावात एका गुरुजींकडे चार वर्षे शास्त्रीय संगीत शिकलो होतो. आपल्याकडे गायकाची पट्टी ठरलेली असते. पेटीच्या ज्या सुरावर त्याचा षड्ज लागतो, ती त्याची पट्टी, आणि ती जन्मभर बदलत नाही. माझी काळी दोन. पहिल्या दिवशी बँडमास्तरांनी विचारले, तुझी पट्टी कोणती. मी पियानोवरची दुसरी काळी पट्टी दाबून दाखवली.

"कुठल्या गाण्याला?" त्यांनी विचारले.

"सगळ्या," मी म्हणालो.

त्यांना तो माझा उद्धटपणा वाटला असावा. पण माणूस कामाचा होता. त्यांनी चौदाही वादकांचे कागद त्या पट्टीत लिहून काढले, एकूण साठ गाणी. त्या संगीतात दर गाण्याची पट्टी गायकाच्या गळ्याला सोसेल अशी वेगळी ठरवतात, हे मला ठाऊक नव्हते. आपल्या चिजा षड्जापाशी घर करून असतात. ती गाणी तशी नसतात. काही षड्जाच्या खाली खोल उतरतात आणि तिथेच राहतात. काळी दोनमध्ये त्या जागी माझ्याजवळ आवाजच नव्हता, केवळ श्वास होता. मी माइकच्या चार बोटे अंतरावर जाऊन तो श्वास शब्दांना लावत असे. लोक म्हणत, हा माणूस एका कोणालातरी उद्देशून गातो. दोन वर्षांत रविवारच्या दुपारी चहाबरोबरच्या नाचाला टेबले आगाऊ राखून ठेवू लागले. तिसऱ्या वर्षी मी आजारी पडलो आणि बदली गायक आला. त्याने प्रत्येक गाण्याची पट्टी वेगळी मागितली. ते बँडमास्तरांकडून कळल्यावर मी म्हणालो, माझ्याही बदलून द्या.

"आता?" ते म्हणाले. "आता तू बरा गायलास तर लोक यायचे बंद होतील."

आणखी आठ वर्षे मी त्याच पट्टीत गायलो.

आमच्या घरी असे सांगितले जाते, की लग्नासाठी मी गाणे सोडले. मुलगी पाहायला गेलो तेव्हा भावी सासऱ्यांनी विचारले, हॉटेलात काय करता. मी म्हणालो, गातो. त्यांनी विचारले, आणि नोकरी? त्यावरून ती कथा झाली. वस्तुतः त्याच वर्षी हॉटेलने चौदा वादकांच्या जागी गिटारवाली चार मुले ठेवली आणि मला चादरी-टॉवेलांच्या कोठारात कारकून केले. तिथून मी निवृत्त झालो आणि पुढे आम्ही दोघे मुलाकडे सिंगापूरला आलो. पत्नीने मला माइकवर कधी ऐकले नाही. तशी वेळ आली नाही.

तर त्या शनिवारी चाळीस वाक्यांची यादी मी सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. चहा कमी गोड. दार लाव. पंखा एकवर कर. दुखत आहे. दुखत नाही. माझा चष्मा. टीव्हीचा आवाज कमी. मला माहीत आहे. मी आधीच सांगितले होते. अशी अडतीस आणि मुलाने भर घातलेली दोन. मुलाने उभ्या उभ्या यादी वाचली.

"बाबा, यात आईसाठी काय आहे?"

"चहा."

"चहा तुमच्यासाठी आहे."

"तो तीच करते," मी म्हणालो.

साडेअकरापर्यंत चाळीस वाक्ये झाली. मुलगा बाहेर लॅपटॉपवर, पत्नी त्याच्या शेजारी मटार सोलत. दर वाक्यानंतर मुलगा दारावर एक टिचकी मारी, म्हणजे ठीक. दोन टिचक्या म्हणजे पुन्हा. घसा महिन्यापूर्वीच बसलेला होता. वरचे सूर गेले होते, खालचे शिल्लक होते. मी ओळखीच्या प्रदेशात होतो. शेवटचे वाक्य संपवून मी पोलादी दार ढकलून बाहेर आलो. पत्नी मटारावरून मान वर न करता म्हणाली,

"अहो, आणि मला हाक कशी मारणार?"

"नेहमीसारखी. यादीत सतरावे आहे. 'अगं'."

"ते ऐकलं मी. लॅपटॉपवर ऐकवलं मला याने." तिने एक शेंग फोडली. "या घरात तुम्ही मला अगं म्हणता, सुनेला अगं म्हणता, नातीला अगं म्हणता. आजवर तोंड कुणीकडे आहे ते बघून आम्ही ओ देत होतो. आता तोंड गप्प आणि आवाज त्या पाटीतून. तिघी धावायचं का?"

सून भाजी आणायला गेली होती. नात सोफ्यावर फोनमध्ये होती. ती सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "I won't come one, lah. आजी will go."

"बघा," पत्नी म्हणाली. "मग मीच. रात्रंदिवस. दार लावायलाही मीच आणि टीव्ही बंद करायलाही मीच."

"मग काय रेकॉर्ड करू?"

"नाव."

मी स्टुलावरून उठून आलो होतो, म्हणून टेबलापाशी खुर्चीवर बसलो. आमच्या पिढीत पती पत्नीला नावाने हाक मारत नसे. पंचावन्न वर्षांत तशी गरज पडली नव्हती. इथे राहण्याच्या पासचे फॉर्म भरताना मी ते लिहिले आहे. उच्चारले नाही. तरीही तिचा मुद्दा व्यवहाराचा होता, आणि व्यवहाराच्या मुद्द्याला मी विरोध करत नाही.

"ठीक आहे," मी म्हणालो आणि आत जायला निघालो.

"ते नको," ती म्हणाली.

"कोणते?"

"तुम्ही ठेवलेलं."

लग्नात आमच्याकडे मुलीचे नाव बदलण्याची चाल होती. ताटात तांदूळ पसरून त्यात वराने अंगठीने वधूचे नवे नाव लिहायचे. आमच्या लग्नात पुरोहितांनी विचारले, नाव काय ठेवणार. मी त्याचा विचार केला नव्हता. मी वहिनींकडे पाहिले. वहिनींनी एक नाव सुचवले. मी ते लिहिले. पुरोहितांना पुढच्या लग्नाला जायचे होते. एकूण अर्धे मिनिट लागले असेल. त्यानंतर पासपोर्ट, रेशन कार्ड, इथला सरकारी दवाखाना म्हणजे पॉलिक्लिनिक, सगळीकडे ते नाव आहे.

"ते क्लिनिकमधल्या पोरी घेतात," ती म्हणाली. "इंजेक्शनच्या वेळी. मला त्या नावाने कुणी घरात हाक मारलेली नाही. माहेरी मला ठेवलेलं नाव आहे ना, ते घ्या."

"ते नाव घेणारे..."

"कुणी नाही आता. धाकटा भाऊ होता, तो दोन वर्षांपूर्वी गेला. तुम्हीच फोन घेतला होता." तिने सोललेले मटार पातेल्यात ओतले. "आठवतंय का तरी?"

"पत्रिकेवर होते," मी म्हणालो.

"मग घ्या की. सोमवारनंतर म्हटलं तरी जमायचं नाही."

मुलगा लॅपटॉपकडे पाहत होता. त्याला आईचे माहेरचे नाव माहीत नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होते. माझ्या माहितीप्रमाणे त्या क्षणी पृथ्वीवर ते आम्हा दोघांनाच माहीत होते, आणि त्यातला मी सोमवारी बाद होणार होतो.

अडचण अशी, की चाळीसही बटणे भरलेली होती. मी यादी घेतली. 'मी आधीच सांगितले होते' हे वाक्य काढले. ते न बोलताही समजते. मग आत जाऊन दार ओढले. मुलाने हेडफोन आईच्या कानांवर घातले, असे त्याने बाहेरून ओरडून सांगितले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. या लेखात कोणाचेच नाव नाही. तीन अक्षरांचे आहे, मधले दीर्घ. मी म्हटले. दोन टिचक्या. दार किलकिले झाले.

"आई म्हणते, शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतं."

पुन्हा म्हटले. दोन टिचक्या.

"पोस्टमन," तिचाच आवाज आला.

तिसऱ्या वेळी एमआरटी गेली. चौथ्या वेळी मला खोकला आला आणि मुलाने पाणी आणून दिले. पाचव्या वेळी नाव नीट आले. पण ते अनोळखी व्यक्तीचे वाटत होते, आणि ते मलाच ऐकू येत होते. मी पाणी संपवले आणि विचार केला. बँडमध्ये नवे गाणे आले की मी एकच गोष्ट विचारत असे, ऐकणारा किती लांब बसला आहे. इथे ते कोणी विचारलेच नव्हते. मी दार उघडले.

"बटण दाबीन तेव्हा तू कुठे असशील?"

पत्नीने हेडफोनचा एक कान बाजूला केला. "म्हणजे?"

"अंतर विचारतो आहे."

तिने विचार केला. "दिवसा स्वयंपाकघरात. कुकर चालू असेल, एक्झॉस्ट चालू असेल. आणि एरवी शेजारी. दुसरीकडे कुठे जाणार मी?"

"मग दोन करावी लागतील. एक लांबचे, एक जवळचे."

"दोन कशाला?"

"एकाच आवाजात दोन्ही होत नाहीत," मी म्हणालो. "लांबचे शेजारी वाजले तर तू दचकशील."

दुसऱ्या बटणासाठी 'टीव्हीचा आवाज कमी' हे वाक्य काढले. ते काढताना मुलाने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले, की रिमोट माझ्याच हातात असतो.

लांबचे नाव पहिल्याच प्रयत्नात झाले. मधले दीर्घ अक्षर एक्झॉस्टच्या वर चढेल इतके ताणले, शेवटचे तोडले. एक टिचकी. मग जवळचे. स्टूल पुढे ओढले, पाठ ताठ केली, मान किंचित बाजूला, म्हणजे श्वास माइकवर आदळत नाही. चार बोटांचे अंतर ठेवले. सूर लावताना लक्षात आले, की काळी दोनपर्यंत आवाज आता पोचत नाही. तेव्हा पट्टी बदलली. पट्टी बदलण्याची ती पहिलीच वेळ. ती पांढरी सहाच्या आसपास आली असावी, खालच्या सप्तकातली. तिथे जे होते ते वापरून मी नाव घेतले.

टिचकी आली नाही. एकही नाही. मी थांबलो. यंत्र बिघडले असेल असे वाटून थोड्या वेळाने दार उघडले.

पत्नी हेडफोन लावून बसली होती. मुलगा ते पुन्हा वाजवत होता; तिने बोटाने खूण केली की तो वाजवी. असे तीन वेळा झाले. मग तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"हॉटेलात असं गायचात?"

"तिथे शब्द दुसऱ्याचे असत."

"आणि नावं?"

"नावे नसत. सर्वांना लागू पडेल असे लिहिलेले असे."

तिने ते मान्य केल्यासारखी मान हलवली. "शेवटी जरा लांबलंय."

"लांबवले आहे."

"असू दे. हे ठेवा." ती पातेले घेऊन उठली. "कुकर लावते. बाकीचं तुमचं तुम्ही बघा."

मुलाने विचारले, की सुरक्षितता म्हणून आणखी एकदा घ्यायचे का. मी नको म्हणालो. घशातून थोडे रक्त आले होते, ते रुमालाला पुसले आणि रुमाल वेगळा ठेवला. मुलाने दोन्ही ध्वनिफिती बटणांना जोडल्या. बटणावर काय लिहायचे, असे त्याने विचारले. एकोणचाळीसवर 'स्वयंपाकघर' आणि चाळीसवर 'शेजारी' असे लिहायला सांगितले. नातीने दोन्ही बटणे दाबून पाहिली. पहिल्याला आतून "काय?" असे उत्तर आले. दुसऱ्याला आले नाही, कारण ते स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हते. म्हणजे दोन्ही बरोबर होती.

दुपारी सर्व वाक्ये त्या वाचाउपचारवाल्या बाईंकडे पाठवली. त्यांचे उत्तर आले, की सगळी पोचली आणि आवाज स्वच्छ आहे. मराठी समजत नसल्याने त्यांनी विचारले होते, शेवटची दोन एकसारखी दिसतात, एक काढून जागा मोकळी करायची का. मुलाने कळवले, की एकसारखी नाहीत.

जेवण झाले. मी झोपलो. उठल्यावर रुग्णालयाचा सूचनांचा कागद वाचला. रविवारी दुपारी दोनला दाखल व्हायचे. कवळी डबीत. अंगठ्या-दागिने घरी. नखे कापलेली. वाचेपर्यंत सात वाजले होते आणि समोरच्या इमारतीत दिवे लागत होते. तिन्हीसांजेला नखे कापलेली पत्नीला चालत नाहीत. मी कागद तिच्यापुढे धरला. तिने वाचला.

"उद्या सकाळी कापा."

"सकाळी सामान भरायचे आहे."

तिने बैठकीतला दिवा लावला आणि जुने वर्तमानपत्र आणून माझ्या पायाशी पसरले. मी वीसही नखे कापली, वर्तमानपत्राची पुडी केली आणि लिफ्टजवळच्या, खाली जाणाऱ्या कचऱ्याच्या नळीत टाकून आलो.